आतड्यातील जीवाणू आणि मेदयुक्त यकृत : एका वैद्यकीय विचाराचा ऐतिहासिक मागोवा

सारांश

मद्यप्राशन न करणाऱ्या व्यक्तीच्या यकृतात मेद साचणे हा आज जगभर आढळणारा विकार आहे. या विकारात आतड्यातील जीवाणूंचा वाटा असतो, हा विचार एकविसाव्या शतकातील नवा शोध म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात या विचाराचा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा मागोवा घेतला आहे. हा विचार तीन वेळा पुढे आला. पहिल्यांदा तो अतिरेकी दाव्यांमुळे बदनाम झाला, दुसऱ्यांदा पुरावा असूनही उपेक्षित राहिला आणि तिसऱ्यांदा नव्या साधनांमुळे प्रतिष्ठा पावला. या इतिहासाचा रुग्णावर घेतल्या जाणाऱ्या संशयाशी असलेला संबंधही येथे तपासला आहे.

बीजसंज्ञा : मेदयुक्त यकृत, आतड्यातील जीवाणू, एंडोटॉक्सिन, कोलीन, मद्यार्क, वैद्यकाचा इतिहास

प्रास्ताविक

वार्षिक आरोग्य तपासणीच्या सोनोग्राफी अहवालात 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' हे शब्द आढळणे ही आता नोकरदार मध्यमवर्गाच्या परिचयाची बाब झाली आहे. अहवाल पाहिल्यावर विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "घेता का?" या प्रश्नात क्रियापद आहे, कर्म नाही, तरीही त्याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. मद्याला कधीही स्पर्श न केलेल्या व्यक्तीलाही आपल्या निर्व्यसनीपणाची ग्वाही द्यावी लागते आणि ती ग्वाही दरवेळी मानली जातेच असे नाही. मद्याचा संशय फिटला, तर दुसरा आरोप तयार असतो : खाणे जास्त, हालचाल कमी.

रोगाचे कारण शोधणे आणि रोग्याचा दोष शोधणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. यकृतातील मेदसंचयाच्या बाबतीत त्या दीर्घकाळ एकमेकींत मिसळल्या गेल्या. आतड्यात वास करणारे जीवाणू यकृताला इजा करू शकतात, या विचाराचा इतिहास पाहताना ही सरमिसळ स्पष्टपणे नजरेस येते. सर्व रोगांचे मूळ पोटात असते, ही समजूत आपल्या समाजात जुनी आहे. परंतु समजूत आणि सिद्ध झालेला पुरावा यांत मोठे अंतर असते. ते अंतर वैद्यकशास्त्राने कसे कापले, कोठे वाट चुकली आणि अद्याप किती वाट शिल्लक आहे, हे समजून घेणे उद्बोधक ठरते.

उद्दिष्टे

१) आतडे, जीवाणू आणि यकृत यांच्या संबंधाविषयीच्या वैद्यकीय विचाराचे प्रमुख टप्पे नोंदविणे.
२) विसाव्या शतकाच्या मध्यास उपलब्ध झालेला पुरावा उपेक्षित का राहिला, याची कारणमीमांसा करणे.
३) आजच्या संशोधनाची फलश्रुती व मर्यादा भारतीय संदर्भासह तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित वैद्यकीय संशोधनातील नोंदी कालक्रमाने मांडल्या आहेत. वैद्यकीय सल्ला देणे हा या निबंधाचा हेतू नाही.

विषय विवेचन

१. रक्तवाहिनीचा दुवा

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त हृदयाकडून थेट येत नाही. ते आतड्यांवरून फिरून, 'पोर्टल व्हेन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नीलेतून यकृतात शिरते. अन्नातून शोषलेली द्रव्ये शरीरात इतरत्र पसरण्यापूर्वी यकृताच्या नजरेखालून जातात. गावाच्या वेशीवर जकात नाका असावा, तसे यकृताचे स्थान आहे. साहजिकच आतड्यात जे काही तयार होते, त्याचा पहिला आणि सर्वांत मोठा भार यकृतावरच पडतो.

या दुव्याचे महत्त्व प्रयोगाने दाखविण्याचा मार्ग रशियात खुला झाला. निकोलाय एक यांनी १८७७ साली कुत्र्यांच्या शरीरातील ही नीला यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या नीलेस जोडली. आठ कुत्र्यांपैकी एकच काही काळ जगला आणि अडीच महिन्यांनी तोही पळून गेला, त्यामुळे अभ्यास तेथेच थांबला. पुढे इव्हान पाव्हलोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंट पीटर्सबर्ग येथे ही शस्त्रक्रिया पूर्णत्वास नेली. त्यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणानुसार असे कुत्रे मांसाहार दिल्यावर अस्वस्थ होत, त्यांना झटके येत व काही बेशुद्ध पडत. आतड्यातून येणारी काही द्रव्ये यकृताने निष्प्रभ केली नाहीत तर ती घातक ठरतात, हे यातून दिसून आले. ही द्रव्ये निर्माण होण्यात जीवाणूंचा हात असावा, ही पुढची पायरी होती. त्यासाठी लागणारे जीवाणुशास्त्र त्याच काळात आकार घेत होते.

२. अंतर्विषबाधेचा सिद्धांत आणि त्याची बदनामी

थिओडोर एशेरिख यांनी १८८५ मध्ये अर्भकांच्या विष्ठेतून जो जीवाणू वेगळा केला, तो पुढे त्यांच्याच नावाने 'एशेरिखिया कोलाय' म्हणून ओळखला जाऊ लागला. बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत काम करणाऱ्या रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये कॉलऱ्याच्या जीवाणूंवर प्रयोग करताना एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. जीवाणू मारले तरी त्यांच्या देहातील द्रव्य विषारी राहते. या द्रव्याला 'एंडोटॉक्सिन' अर्थात अंतर्विष हे नाव मिळाले. हेच फायफर १८९७ साली प्लेगच्या साथीत जर्मन आयोगाबरोबर मुंबईत आले होते. यकृताच्या विकारात याच अंतर्विषाचे नाव पुढे वारंवार येणार होते. मात्र त्यास बराच अवधी लागला.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणारे एली मेचनिकॉफ यांनी या विचाराला व्यापक, किंबहुना अतिव्यापक रूप दिले. (मुंबईत १८९७ मध्ये प्लेगची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी होत.) मोठ्या आतड्यातील कुजण्याची क्रिया घडविणारे जीवाणू शरीरात विष सोडतात व त्यामुळे अकाली वार्धक्य येते, असे मेचनिकॉफ यांचे मत होते. आंबवलेल्या दुधातील जीवाणूंनी या कुजण्याला आळा बसतो, असे त्यांनी सुचविले. त्यांना १९०८ मध्ये रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ते पारितोषिक या सिद्धांतासाठी नव्हते, तथापि त्या प्रतिष्ठेचा लाभ सिद्धांतालाही झाला.

सिद्धांत लोकप्रिय झाला आणि तेथेच त्याचा ऱ्हास सुरू झाला. डोकेदुखीपासून औदासीन्यापर्यंत असंख्य तक्रारींचे खापर आतड्यावर फोडले जाऊ लागले. लंडनमधील शल्यविशारद आर्बथनॉट लेन हे बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडेच काढून टाकू लागले. अमेरिकेतील वॉल्टर अल्व्हारेझ यांनी १९१९ मध्ये या साऱ्या कल्पनेवर साधा पण मर्मभेदी आक्षेप घेतला. शौचास झाल्याबरोबर या तक्रारी नाहीशा होतात. रक्तात विष भिनलेले असते, तर ते इतक्या तत्काळ कसे नाहीसे होईल? तक्रारींचे कारण आतड्यावरील ताण हे असावे, विष नव्हे.

हा आक्षेप योग्य होता, परंतु त्याचा एक अनिष्ट परिणाम झाला. आतड्यातील जीवाणू दूरस्थ अवयवाला इजा करतात, असे म्हणणे म्हणजे भोंदूगिरी, अशी धारणा वैद्यकीय वर्तुळात रुजली. जे टाकाऊ होते त्याबरोबर जे तपासण्याजोगे होते, तेही टाकले गेले.

३. कोलीन, उंदीर आणि प्रतिजैविके

यानंतरचा टप्पा आहारशास्त्रातून आला. टोरांटो येथे इन्शुलिनच्या शोधात सहभागी असलेले चार्ल्स बेस्ट व त्यांचे सहकारी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांचा अभ्यास करीत होते. इन्शुलिन देऊन हे कुत्रे जगविले, तरी त्यांच्या यकृतात मेद साचत असे. आहारात लेसिथिन दिल्यास हा मेद कमी होतो, असे आढळले. लेसिथिनमधील कार्यकारी घटक 'कोलीन' हा आहे, हे १९३२ मध्ये स्पष्ट झाले. यकृतातील मेद बाहेर वाहून नेण्यासाठी कोलीन आवश्यक असते. ते न मिळाल्यास मेद यकृतातच अडकून पडतो.

याच सुमारास सिसिली विल्यम्स या वैद्यकीय अधिकारी आफ्रिकेतील तत्कालीन गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात, कुपोषित बालकांची पाहणी करीत होत्या. त्यांनी १९३५ मध्ये 'क्वाशिओरकोर' हे स्थानिक नाव वैद्यकीय साहित्यात आणले. या रोगात सुजलेल्या, उपाशी बालकाचे यकृत मेदाने भरलेले असते. म्हणजेच मेदयुक्त यकृत हा केवळ भरल्या पोटाचा रोग नाही, हे तेव्हाच दिसले होते. यकृताला काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हा प्रश्न तोंडात गेलेल्या घासापुरता मर्यादित नव्हता.

कोलीनरहित आहारावर ठेवलेल्या उंदरांत पुढे सिरॉसिस, म्हणजे यकृत आक्रसून कठीण होण्याची अवस्था, निर्माण होते. या प्रयोगात जीवाणूंचा प्रवेश काहीसा अनपेक्षितपणे झाला. पॉल ग्योर्गी यांच्या प्रयोगांत प्रतिजैविके दिलेल्या उंदरांच्या यकृतास आहारजन्य इजेपासून संरक्षण मिळाल्याचे दिसले. बोस्टन येथे जेकब फाइन यांच्या गटाने १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा विषयच 'उंदरांतील आहारजन्य सिरॉसिसमध्ये आतड्यातील जीवाणूंची भूमिका' हा होता. आतड्यातून रक्तात फारसे न शोषले जाणारे निओमायसिन हे औषध दिल्यास सिरॉसिस टळतो, असे त्यांना आढळले. औषध यकृतापर्यंत फारसे पोहोचत नाही आणि तरीही यकृत वाचते, याचा अर्थ शत्रू आतड्यात आहे, असा होतो.

या युक्तिवादातील उरलेला दुवा १९६४ मध्ये ब्रॉइटमन, गॉटलिब आणि झॅमचेक यांनी जोडला. त्यांनी निओमायसिन घेणाऱ्या उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात एशेरिखिया कोलायचे शुद्ध एंडोटॉक्सिन मिसळले. निओमायसिनने दिलेले संरक्षण त्यामुळे नाहीसे झाले. जीवाणू हटविले की यकृत वाचते आणि जीवाणूंचे विष परत दिले की यकृत बिघडते, असा दुहेरी पुरावा आजपासून सहा दशकांपूर्वी उपलब्ध झाला होता.

उपचाराच्या क्षेत्रातही हाच धागा दिसतो. लंडनमध्ये शीला शेरलॉक व सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये यकृतरोग्यांच्या बेशुद्धीचा संबंध आतड्यातील नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी जोडला. आतड्यातील जीवाणूंना आवर घालणारी प्रतिजैविके आणि १९६६ पासून लॅक्ट्युलोज यांचा वापर या अवस्थेत होऊ लागला. पाव्हलोव्ह यांच्या कुत्र्यांपासून निघालेली वाट रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचली ती अशी.

४. शस्त्रक्रियेने दिलेला मानवी पुरावा

उंदरांवरील निष्कर्ष माणसाला लागू पडतात का, या प्रश्नाचे उत्तर एका दुर्दैवी मार्गाने मिळाले. अतिस्थूल व्यक्तींचे वजन घटविण्यासाठी लहान आतड्याचा मोठा भाग अन्नमार्गातून वगळण्याची शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात सुरू झाली व पुढील दोन दशके प्रचलित राहिली. वजन घटत असे. मात्र काही रुग्णांच्या यकृतात मेद वाढून यकृत निकामी होऊ लागले. वजन कमी होत असताना यकृतातील मेद वाढावा, हे कोडेच होते. कुपोषण हे कारण असावे, असे अनेकांना वाटले.

ड्रेनिक, फिसलर आणि जॉन्सन यांनी १९८२ मध्ये वेगळे उत्तर दिले. वगळलेल्या आतड्यात अन्न वाहत नाही, तेथे जीवाणूंची बेसुमार वाढ होते. या रुग्णांना मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक दिल्यास यकृतातील मेदसंचय टळतो व झालेला कमीही होतो, आणि हा परिणाम कुपोषणाच्या प्रमाणावर अवलंबून नसतो, असे त्यांनी दाखविले. आतड्यातील जीवाणू आणि मानवी यकृतातील मेद यांचा संबंध दर्शविणारा हा ठळक पुरावा होता.

तरीही हा विचार पुढील दोन दशके मुख्य प्रवाहात आला नाही. त्याची चार कारणे संभवतात. पहिले, अंतर्विषबाधेच्या सिद्धांताची बदनामी अद्याप विसरली गेली नव्हती. दुसरे, आतड्यातील बहुसंख्य जीवाणूंना प्राणवायू सहन होत नाही, त्यामुळे ते प्रयोगशाळेत वाढविणे कठीण होते. जे दिसत नाही, त्याच्याविषयी बोलणार कसे? तिसरे, निओमायसिनसारखी औषधे दीर्घकाळ देणे मूत्रपिंड व श्रवणशक्ती यांना घातक ठरू शकते, त्यामुळे उपचार म्हणून त्यांना भवितव्य नव्हते. चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. हे संशोधन ज्या मानवी आजाराला लागू पडले असते, त्या आजाराला १९८० पर्यंत नावच नव्हते.

५. नाव नसलेला आजार

मद्य आणि यकृतविकार यांचा संबंध जुना व निर्विवाद आहे. थॉमस ॲडिसन यांनी १८३६ मध्येच यकृतातील मेदविकृतीचे वर्णन केले होते. विसाव्या शतकात चार्ल्स लीबर यांनी मद्य हे स्वतःच यकृतास विषारी असते, केवळ मद्यपीच्या निकृष्ट आहारामुळे इजा होत नाही, हे सिद्ध करण्यास आयुष्य वेचले. त्यांनी व रुबिन यांनी १९७४ मध्ये पुरेसा आहार दिलेल्या बबून माकडांत मद्यामुळे सिरॉसिस झाल्याचे दाखविले. हे कार्य मोलाचे होते. मात्र त्याची एक छाया पडली. सूक्ष्मदर्शकाखाली यकृताचे विशिष्ट चित्र दिसले की रुग्ण मद्यपी असणार, हे समीकरण अधिक घट्ट झाले.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील विकृतिशास्त्रज्ञ युर्गेन लुडविग यांनी १९८० मध्ये अशा २० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताचे चित्र मद्यपीच्या यकृतासारखेच होते, परंतु हे रुग्ण मद्य घेत नव्हते. त्यांतील बहुतेक स्थूल होते. आजवर अनामिक राहिलेल्या या आजारास लुडविग यांनी 'नॉन-अल्कोहोलिक स्टिॲटोहेपॅटायटिस' हे नाव दिले. हे नाव नकारात्मक होते. आजार काय आहे हे ते सांगत नव्हते, काय नाही एवढेच सांगत होते. मद्याचा उल्लेख टाळण्यासाठी दिलेल्या नावातही मद्य राहिलेच. असे असले तरी या नामकरणाने एक न्याय झाला. रुग्णाचे 'नाही' हे उत्तर प्रथमच वैद्यकीय नोंदीत मान्य झाले.

६. जंतुविरहित उंदरांचे पुनरागमन

नाव मिळाल्यावर कारणांचा शोध वेगाने सुरू झाला. बाल्टिमोर येथे ॲना मे डील यांच्या गटाने १९९७ मध्ये स्थूल उंदरांचे यकृत एंडोटॉक्सिनला अतिसंवेदनशील असते, असे दाखविले. डे आणि जेम्स यांनी १९९८ मध्ये 'दोन आघातां'ची कल्पना मांडली. पहिला आघात मेद साचण्याचा, दुसरा त्या यकृतात दाह निर्माण करणारा. मेद हे सरपण असेल तर ठिणगी कोणती, या प्रश्नाच्या उत्तरात आतड्याचे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले. ब्रूस बॉइटलर यांनी १९९८ मध्येच एंडोटॉक्सिनची चाहूल घेणारा पेशीवरील ग्राहक ओळखला व त्यासाठी त्यांना २०११ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कार्ल कुप्फर यांनी १८७६ मध्ये वर्णिलेल्या यकृतातील ताराकृती पेशींवर हा ग्राहक असतो. अशा रीतीने एकोणिसाव्या शतकातील दोन स्वतंत्र निरीक्षणे, कुप्फर यांची पेशी व फायफर यांचे विष, एका साखळीत गुंफली गेली.

निर्णायक वळण २००४ मध्ये आले. सेंट लुइस येथे जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत फ्रेड्रिक बेकहेड व सहकाऱ्यांनी जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांच्या आतड्यात सामान्य उंदरांचे जीवाणू सोडले. अवघ्या १४ दिवसांत त्या उंदरांच्या शरीरातील मेद सुमारे ६० टक्क्यांनी वाढला आणि तोही खाणे कमी झालेले असताना. 'जितके खाल तितके वाढाल' या सरळ हिशेबाला या प्रयोगाने तडा दिला. पॅट्रिस कानी यांच्या गटाने २००७ मध्ये मेदप्रचुर आहारामुळे उंदरांच्या रक्तातील एंडोटॉक्सिन दुपटी-तिपटीने वाढते, असे दाखविले.

कोलीनची जुनी कथाही नव्या अर्थाने परतली. काही जीवाणू आहारातील कोलीनचे विघटन करून त्याचे मिथिलअमाइन द्रव्यांत रूपांतर करतात. त्यामुळे खाल्लेले कोलीन यकृतापर्यंत पोहोचत नाही, असे २००६ मध्ये उंदरांत आढळले. आहारात काही उणे नसतानाही शरीरात उणीव निर्माण होऊ शकते. १९३२ चा आहारविषयक शोध आणि १९५७ चा जीवाणूविषयक शोध यांची सांगड सुमारे अर्धशतकानंतर बसली. पुढे २०१३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी मेदयुक्त यकृताची प्रवृत्ती असलेल्या उंदरांचे जीवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले असता ती प्रवृत्तीही काही प्रमाणात संक्रमित झाली.

७. आतड्यात तयार होणारे मद्य

या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण प्रकरण मद्याविषयीचेच आहे. भिजवलेले पीठ आंबते किंवा फळांचा रस फसफसतो, तेव्हा सूक्ष्मजीव साखरेचे किण्वन करीत असतात. आतड्यातही असे किण्वन घडते व त्यात अल्प प्रमाणात मद्यार्क तयार होतो. मद्य न पिणाऱ्या स्थूल उंदरांच्या उच्छ्‌वासात मद्यार्क आढळतो व निओमायसिन दिल्यावर तो घटतो, असे २००० साली दिसून आले. अमेरिकेत २०१३ मध्ये झालेल्या अभ्यासात दाहयुक्त मेदविकार असलेल्या मुलांच्या रक्तात निरोगी मुलांपेक्षा अधिक मद्यार्क आढळला. मुलांच्या बाबतीत "घेता का?" हा प्रश्न कोणी विचारणार नाही.

चीनमधील संशोधकांनी २०१९ मध्ये एका असाधारण रुग्णाचा वृत्तांत दिला. या गृहस्थांच्या रक्तातील मद्यार्काचे प्रमाण मद्य न घेता, केवळ पिष्टमय आहारानंतर वाढत असे. त्यांच्या आतड्यात अधिक मद्यार्क तयार करणाऱ्या क्लेब्सिएला न्यूमोनिए जीवाणूंची जात सापडली. त्या संशोधनात तपासलेल्या मेदयुक्त यकृताच्या रुग्णांपैकी सुमारे ६० टक्के रुग्णांत असे जीवाणू आढळले आणि ते उंदरांना दिल्यावर उंदरांच्या यकृतातही मेद साचला. हे प्रमाण एका विशिष्ट रुग्णगटाचे आहे, ते सर्वत्र लागू होईल असे नाही.

ॲमस्टरडॅम येथील गटाने २०२२ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. शस्त्रक्रियेच्या वेळी आतड्यातून यकृताकडे जाणाऱ्या नीलेतील रक्त तपासले असता मेदयुक्त यकृताच्या रुग्णांत तेथील मद्यार्काचे मध्यक प्रमाण उपाशीपोटी हातातून घेतलेल्या रक्ताच्या १८७ पट आढळले. हा मद्यार्क यकृत वेशीवरच अडवून नष्ट करते, म्हणून नेहमीच्या रक्त तपासणीत तो जवळजवळ दिसत नाही. एक यांच्या कुत्र्यांपासून सुरू झालेल्या प्रश्नाचे, यकृत नेमके काय अडविते या प्रश्नाचे, हे एक उत्तर होय.

सूक्ष्मदर्शकाखाली या रुग्णांचे यकृत मद्यपीसारखे का दिसत होते, याचा काही अंशी उलगडा येथे होतो. यकृताने मद्य पाहिले असण्याची शक्यता होती. रुग्णाने मात्र ते प्यायलेले नव्हते. डॉक्टरांचे निरीक्षण बरोबर होते आणि रुग्णाचे उत्तरही खरे होते. चुकीचा होता तो त्या दोहोंमधून काढलेला चारित्र्यविषयक निष्कर्ष.

आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०२३ मध्ये या आजाराचे नाव बदलले. ५६ देशांतील २३६ सदस्यांच्या विचारविनिमयातून, जुन्या नावातील 'मद्य' व 'फॅटी' या शब्दांमुळे रुग्णाची अवहेलना होते हा आक्षेप लक्षात घेऊन, चयापचयाशी निगडित असे 'एमएएसएलडी' हे नाव स्वीकारण्यात आले.

८. भारतीय संदर्भ

भारतापुरता विचार करता 'स्थूल व्यक्तीचा आजार' हे वर्णनही अपुरे ठरते. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील १,९११ व्यक्तींच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ८.७ टक्के व्यक्तींच्या यकृतात मेद आढळला आणि त्यांतील ७५ टक्के व्यक्तींचा देहभार निर्देशांक २५ पेक्षा कमी होता. या विरोधाभासाची चर्चा पुण्यात आधीच सुरू झालेली होती. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासमवेत स्वतःचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरातील मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के होता. दिसायला सडपातळ, आत मात्र मेदयुक्त, अशा भारतीय देहाचे हे बोलके उदाहरण आहे.

आतड्यातील जीवाणूंचा संचही प्रदेश व आहार यांनुसार बदलतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ मध्ये भारतीय व्यक्तींच्या आतड्यात प्रीव्होटेला व मेगास्फेरा या गटांतील जीवाणूंचे आधिक्य नोंदविले. त्यामुळे युरोप-अमेरिकेत ठरलेले 'निरोगी' वा 'रोगी' जीवाणूसंचाचे निकष येथे जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे आहे. भारत सरकारने २०२१ मध्ये या आजाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, ही स्वागतार्ह बाब होय. मात्र आपल्याकडील भाकरी, डाळ, ताक, लोणचे खाणाऱ्या माणसाच्या आतड्याचा आणि यकृताचा संबंध दीर्घकाळ तपासणारे संशोधन वाढणे आवश्यक आहे.

९. पुराव्याची मर्यादा

वरील विवेचनावरून जीवाणू बदलले की यकृत सुधारेल, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. प्रत्यक्ष रुग्णांवरील प्रयोगांनी तो मोह आवरला आहे. इंग्लंडमध्ये १०४ रुग्णांवरील प्रयोगात एका गटाला सुमारे वर्षभर उपयुक्त जीवाणू व त्यांचे खाद्य एकत्र देण्यात आले. त्यांच्या आतड्यातील जीवाणूसंच बदलला, यकृतातील मेद मात्र कमी झाला नाही. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी कॅनडातील २१ रुग्णांच्या अभ्यासात निरोगी दात्याचे जीवाणू आतड्यात सोडूनही यकृतातील मेदात फरक पडला नाही. काही रुग्णांत आतड्याच्या अस्तराची वाढलेली गळती तेवढी कमी झाली. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये या विकारासाठी मान्यता मिळालेले रेस्मेटिरॉम हे पहिले औषध यकृतातील थायरॉइड संप्रेरकाच्या ग्राहकावर कार्य करते, जीवाणूंवर नव्हे.

याचा अर्थ जीवाणूंची भूमिका खोटी ठरली असा नाही. एखादी गोष्ट रोगाच्या उत्पत्तीत सहभागी असणे आणि ती बदलल्याने रोग बरा होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आनुवंशिकता, इन्शुलिन-प्रतिरोध, आहार, व्यायाम आणि जीवाणू ही एकाच दोरीची पेडे आहेत. 'यकृत शुद्ध करणाऱ्या' जीवाणूंच्या कॅप्सुलांच्या जाहिराती पाहताना मेचनिकॉफ यांच्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांची आठवण होणे स्वाभाविक आहे. अतिरेकी दाव्यांनी खऱ्या विचाराची हानी त्याच्या विरोधकांपेक्षा अधिक केली होती.

निष्कर्ष

१) आतड्यातील जीवाणू यकृतास इजा करतात, हा विचार एकविसाव्या शतकाचा नाही. त्यामागील प्रायोगिक पुरावा १९५७ ते १९८२ या काळात मोठ्या प्रमाणात उपलब्ध झाला होता.

२) हा पुरावा उपेक्षित राहण्यामागे साधनांची उणीव होती, तशीच पूर्वीच्या अतिरेकी सिद्धांताची बदनामी होती. रोगाला नाव नसल्यामुळे पुरावा कोठे ठेवावा, हेही ठरत नव्हते.

३) मेदयुक्त यकृताच्या रुग्णावरील मद्यपानाचा संशय आणि त्यानंतर आलेला आळशीपणाचा ठपका हे दोन्ही विज्ञानाचे निष्कर्ष नव्हते. विज्ञानातील रिकाम्या जागा सामाजिक समजुतींनी भरल्या होत्या. आतड्यात तयार होणाऱ्या मद्यार्काच्या शोधाने ही बाब उघड केली.

४) जीवाणूंवर आधारित उपचारांचा मानवी पुरावा आज मर्यादित आहे. म्हणून आहार, वजन व मधुमेह यांवरील नियंत्रणाचे महत्त्व कमी होत नाही.

समारोप

निकोलाय एक यांच्या शस्त्रक्रियेपासून ॲमस्टरडॅममधील रक्त तपासणीपर्यंत सुमारे दीडशे वर्षांचा हा प्रवास आहे. या काळात यकृताविषयीचे ज्ञान जसे वाढले, तसे रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचे कारणही वाढले. सोनोग्राफीचा अहवाल हाती घेऊन बसलेल्या माणसाला "घेता का?" हे विचारणे वैद्यकीय दृष्ट्या आजही आवश्यकच आहे, कारण मद्य हे यकृताचे विष आहे, यात शंका नाही. मात्र त्याने दिलेले "नाही" हे उत्तर ऐकून घेण्याची तयारी त्या प्रश्नाइतकीच आवश्यक आहे. लुडविग यांनी १९८० मध्ये २० रुग्णांचे ते उत्तर ऐकले, म्हणूनच पुढील संशोधनाचे दार उघडले.